चोवीस तासांचा कॅन

मामाच्या घरच्या बाथरूममध्ये वर्षातून एकदा, क्वचित दोनदा, एक पांढरा प्लॅस्टिकचा कॅन यायचा. दोन लिटरचा, रुंद तोंडाचा. झाकणावर चिकटपट्टी आणि पट्टीवर मामाचा नंबर. नाव नाही, नुसता नंबर. तो आला की त्या शनिवार-रविवारी आम्हा पोरांना बाथरूमच्या त्या कोपऱ्याकडे फिरकायची बंदी असे.

"अहो, हा तुमचा कलश हलवा बघू इथून. मला आंघोळीला जायचंय."

"अगं, झाकण लावलंय."

"झाकण लावलं म्हणून काय तो गंगेचा गडू झाला?"

मामा 'अणुऊर्जेत' होता. घरात एवढंच सांगायची पद्धत होती आणि एवढं पुरतही असे. कॅनचे नियम मात्र आम्हाला पाठ झाले होते. पहिल्या दिवशी सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची आणि घड्याळ बघायचं. तिथून दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंतचा थेंबन्‌थेंब कॅनमध्ये. मधेच कुणाकडे चहाला गेलं तरी तिथे 'जायचं' नाही. आणि कॅन भरायचा तो घरीच, सुट्टीच्या दिवशी, हातपाय स्वच्छ धुऊन आणि धुतलेले कपडे घालून. कामावर कधीच नाही.

दोन-तीन आठवड्यांनी चिठ्ठी यायची. तीवर तीन अक्षरं: बीडीएल. मोजता येईल त्या पातळीच्या खाली. मामा ती घडी घालून फायलीत ठेवी.

"म्हणजे शून्य ना?" मी एकदा विचारलं होतं.

"शून्य नाही गं. त्यांना दिसेल त्याच्यापेक्षा कमी."

त्या वयात मला हे उत्तर टाळाटाळीचं वाटलं होतं. ते किती काटेकोर होतं हे पुष्कळ वर्षांनी कळलं.

*

कॅन लॅबमध्ये गेल्यावर त्याचं काय होतं, हे जरा जवळून पाहण्यासारखं आहे.

शोधायचं असतं ते प्लुटोनियम, अमेरिसियम, थोरियम, युरेनियम यांसारख्या जड धातूंचं नखाएवढंसुद्धा नसलेलं प्रमाण. हे धातू अल्फा कण सोडतात. अल्फा कण अंगात जोर असलेला, पण पल्ल्याचा अगदी आखूड. साधा कागद त्याला अडवतो, मिठाचा कणही अडवतो. माणसाच्या दिवसभराच्या लघवीत युरिया, मीठ, फॉस्फेट असं सगळं धरून पन्नास-साठ ग्रॅम घन पदार्थ विरघळलेले असतात. नुसती लघवी आटवून यंत्राखाली धरली तर त्या ढिगाऱ्यातून एकही कण बाहेर यायचा नाही. म्हणून आधी ढिगारा उपसायचा.

सगळ्यात पहिलं काम म्हणजे कॅनमध्ये खुणेचं प्लुटोनियम टाकणं. लाचलुचपतवाले नोटांना पावडर लावतात ना, तसंच. प्लुटोनियम-२४२ हा या धातूचा एक भाऊबंद आहे. तो अगदी मोजून, ठाऊक असलेल्या प्रमाणात सुरुवातीलाच घालतात. रसायनाच्या दृष्टीनं दोघांत फरक नाही, त्यामुळे पुढच्या धुण्या-गाळण्यात खुणेचं जेवढं सांडेल तेवढंच खरंही सांडणार. शेवटी खुणेचं शंभरातलं सत्तर हाती आलं, तर खऱ्याचा हिशेबही त्याच प्रमाणात वाढवून धरायचा.

मग नायट्रिक ॲसिड घालून उकळणं. वास कसा असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. थोडं कॅल्शियम, थोडं फॉस्फोरिक ॲसिड आणि वरून अमोनिया घातला की भांड्यात दुधासारखा पांढरा साका धरतो. हा कॅल्शियम फॉस्फेट, म्हणजे जवळजवळ हाडाचाच मसाला. जड धातू त्याला चिकटून तळाशी बसतात. शरीरात गेलेलं प्लुटोनियम हाडात जाऊन बसतं आणि काचेच्या भांड्यातही ते याच मसाल्याकडे धाव घेतं, याची मला दर वेळी गंमत वाटते.

साका पुन्हा कडक ॲसिडमध्ये विरघळवून रेझिनच्या बारीक मण्यांनी भरलेल्या नळीतून सोडतात. प्लुटोनियम मण्यांना धरून राहतं, बाकीचं वाहून जातं. मग सौम्य ॲसिडनं त्याला सोडवून घ्यायचं आणि वीज लावून स्टीलच्या नाण्याएवढ्या चकतीवर त्याचा मुलामा चढवायचा. चकती डोळ्यांना कोरीच दिसते. ती हवा काढून घेतलेल्या डबीत सिलिकॉनच्या डिटेक्टरसमोर ठेवून दिली की नुसतं बसून राहायचं. एक दिवस, दोन दिवस, कधी तीन.

डिटेक्टर प्रत्येक कणाची ऊर्जा ओळखतो. खुणेचं प्लुटोनियम-२४२ साधारण ४.९० वर उमटतं आणि प्लुटोनियम-२३९ हे ५.१५ वर, दोन्ही मिलियन इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये. प्लुटोनियम-२३८ आणि अमेरिसियम-२४१ मात्र ५.५०च्या आसपास एकमेकांच्या अंगावर पडतात, यंत्राला ते वेगळे काढता येत नाहीत. ते आधीच नळीत वेगळे केलेले असावे लागतात. रसायनात केलेली हयगय यंत्र भरून काढत नाही.

आता आकडा. अशा मोजणीत साधारण एक मिलिबेक्वेरेलपर्यंत किंवा त्याच्या थोडं खाली दिसतं. एक मिलिबेक्वेरेल प्लुटोनियम-२३९ म्हणजे सुमारे ११० कोटी अणू. ऐकायला भारताच्या लोकसंख्येच्या जवळपास जाणारा आकडा, पण वजन करायला जाल तर अर्धा पिकोग्रॅमही नाही. आणि या ११० कोटींपैकी दिवसभरात फुटतात किती? ८६. बाकीचे आपापल्या जागी गप्प, कारण या धातूचं अर्धायुष्य २४,११० वर्षांचं आहे. त्या ८६ पैकी डिटेक्टरच्या दिशेनं येऊन मोजले जातात फार तर वीस-पंचवीस. चोवीस तासांत वीस टिचक्या. शेजारी त्याच लघवीतलं नैसर्गिक पोटॅशियम, जे तुमच्याआमच्या भाजी-केळ्यातून येतं, सेकंदाला साठ-सत्तर या वेगानं फुटत असतं. ते नळीतून आधीच वाहून गेलेलं असतं म्हणून बरं.

मामाच्या चिठ्ठीवरची तीन अक्षरं म्हणजे या वीस टिचक्यांच्याही खालची गोष्ट.

*

हे सगळं सुरू झालं अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या लॉस अलामोस इथल्या अणुबाँबच्या प्रयोगशाळेत, १ ऑगस्ट १९४४ रोजी झालेल्या एका अपघातानं.

डॉन मॅस्टिक नावाचा तेवीस वर्षांचा केमिस्ट दहा मिलिग्रॅम प्लुटोनियम असलेली काचेची कुपी हाताळत होता. आत दाब साठला होता. कुपी फुटली, ॲसिडमधलं प्लुटोनियम तोंडावर उडालं आणि थोडं पोटात गेलं. चव आंबट लागली. तो सरळ प्रयोगशाळेचे डॉक्टर लुई हेंपेलमन यांच्याकडे गेला. त्यांनी तोंड धुवायला लावलं, चेहरा घासला, नळी घालून पोट उपसलं आणि निघालेल्या गढूळ पाण्याचं बीकर मॅस्टिकच्याच हाती दिलं: यातलं प्लुटोनियम परत काढ. तेव्हा या धातूचा कणन्‌कण मोलाचा होता. मुलानं रसायनाचं पुस्तक उघडलं आणि आपल्याच पोटातलं प्लुटोनियम वेगळं काढून दिलं. पुढचे काही दिवस तो सहा फुटांवरून यंत्रावर नुसता फुंकर घाली आणि काटा शेवटच्या टोकाला जाई.

शरीरात नेमकं किती राहिलं, हे मात्र कुणालाच सांगता येईना. कामगारांच्या नाकपुड्या ओल्या कागदानं पुसून तो कागद मोजायचा, एवढीच काय ती तपासणी होती. नाकात सापडलं म्हणजे नाकात होतं, पुढे काय ते देव जाणे. अपघातानंतर पंधरा दिवसांनी, १६ ऑगस्टला, हेंपेलमननी प्रयोगशाळेचा प्रमुख ओपेनहायमर याच्याकडे मागणी केली की शरीरातून बाहेर पडणाऱ्या प्लुटोनियमचा माग काढायची पद्धत बसवायला हवी. ओपेनहायमरनं त्याच दिवशी होकार दिला.

काम आलं राइट लँगम या जीवरसायनशास्त्रज्ञाकडे. त्याच्यापुढचं गणित असं होतं: माणसाच्या अंगात एक मायक्रोग्रॅम प्लुटोनियम असेल, तर प्राण्यांवरून बांधलेल्या अंदाजानुसार दिवसाला त्याचा दहा हजारावा हिस्सा लघवीतून जाणार. म्हणजे मिनिटाला चौदा स्फोट, आणि चकतीच्या एकाच बाजूनं मोजता येत असल्यामुळे हाती लागणार फार तर सात. १९४५च्या सुरुवातीला पद्धत तयार झाली आणि पहिली निकालपत्रं आली ती भीतीदायक. कारण साधं होतं: कामगाराच्या बोटावरची, कपड्यावरची, केसातली धूळच बाटलीत पडत होती. पोटातून आलेलं कुठलं आणि बोटावरून पडलेलं कुठलं, हे कसं ओळखणार?

मग उपाय निघाला तो आपल्याकडच्या सोवळ्याची आठवण करून देणारा. माणसाला दोन दिवस कामापासून दूर ठेवायचं. डोक्यावरून आंघोळ. मग इस्पितळातल्या एका खास वॉर्डात धुतलेल्या कपड्यांत चोवीस तास. दर वेळी आधी हात धुवायचे आणि पांढरे सुती हातमोजे घालायचे. मामाचा शनिवार-रविवार आणि धुतलेला सदरा यांचं मूळ इथे आहे. मामीनं त्याला 'कलश' म्हटलं होतं ते फार चुकीचं नव्हतं.

या मंडळींपैकी २६ जणांचा पुढे एक गट झाला. त्यांची वैद्यकीय तपासणी पन्नास वर्षं चालू राहिली. त्यांनी स्वतःला 'यूपीपीयू क्लब' असं नाव दिलं. इंग्रजीत मोठ्यानं म्हणून पाहिलं की विनोद कळतो, कारण 'पीयू' ही प्लुटोनियमची रासायनिक संज्ञा. ती संज्ञाही मुळात चेष्टेनंच ठेवलेली. नियमानं ती 'पीएल' व्हायची, पण शोध लावणाऱ्या ग्लेन सीबोर्गनं लहान मूल घाण वास आल्यावर जे म्हणतं ते अक्षर मुद्दाम निवडलं. मराठीत 'पू' म्हणजे काय ते सीबोर्गला माहीत असतं तर तो आणखी खूश झाला असता.

*

इथवरची गोष्ट हुशारीची आहे. पुढची तशी नाही, आणि ती टाळून हा लेख लिहिता येणार नाही.

लघवीत किती आलं हे लँगमला मोजता यायला लागलं होतं. पण हवं होतं ते शरीरात किती उरलं हे. त्या दोहोंना जोडणारा दुवा कुणाकडे नव्हता. उंदीर, कुत्रे यांचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते, मग माणसाशी कशाला जुळतील? मॅस्टिकच्या बाबतीत पोटात किती गेलं हेच ठाऊक नव्हतं. म्हणजे असा माणूस हवा, ज्याच्या अंगात नेमकं किती घातलं आहे हे माहीत आहे.

१० एप्रिल १९४५. टेनेसीतल्या ओक रिज इथल्या लष्करी इस्पितळात एब केड नावाचा पन्नाशी ओलांडलेला कृष्णवर्णीय बांधकाम मजूर पडून होता. २४ मार्चला कामावर जाताना मोटारीच्या अपघातात त्याची हाडं मोडली होती. बाकी तब्येत ठणठणीत. त्याच्या शिरेत ४.७ मायक्रोग्रॅम प्लुटोनियम टोचण्यात आलं. मोडलेली हाडं बसवली ती १५ एप्रिलला, म्हणजे टोचल्यावर पाच दिवसांनी. हाडाचे तुकडे तपासायला घेतले आणि पंधरा दात काढले. कागदोपत्री तो 'एचपी-१२' होता.

महिन्याभरानं, १४ मे रोजी, सॅन फ्रान्सिस्कोत अल्बर्ट स्टीव्हन्स या अठ्ठावन्न वर्षांच्या रंगाऱ्याला सुई दिली गेली. त्याला पोटाचा कॅन्सर आहे, फार दिवस काढणार नाही, असा डॉक्टरांचा अंदाज होता. चार दिवसांनी शस्त्रक्रिया झाली तेव्हा कळलं की कॅन्सर नव्हताच, अल्सर होता. स्टीव्हन्स आणखी जवळजवळ एकवीस वर्षं जगला. त्याच्या अंगात प्लुटोनियमचा २३८ हा जास्त जहाल प्रकार मोठ्या प्रमाणात होता. आयुष्यभरात त्याच्या वाट्याला आलेला डोस पुढे ६४ सिव्हर्ट असा काढण्यात आला. आज आपल्याकडे अणुऊर्जेतल्या कामगाराला वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे, म्हणजे ६४ सिव्हर्ट ही तीन हजारांवर वर्षांची शिदोरी झाली.

मला या माणसाच्या गोष्टीत जे सतावतं ते निराळंच आहे. घरी गेल्यावरही त्याची लघवी जमा केली जात होती. बाटल्या घरी ठेवायच्या, माणूस येऊन घेऊन जाणार. त्यानं गाव सोडून जाऊ नये म्हणून महिन्याला पन्नास डॉलर बांधून दिले होते. आपल्यावर चांगले उपचार झाले, डॉक्टरांना आपल्यात अजून रस आहे, असं त्या कुटुंबाला वाटत होतं. नियमानं बाटली भरत होते बिचारे. अंगात काय आहे हे त्याला कुणी सांगितलं नाही, शेवटपर्यंत.

१९४५ ते १९४७ या काळात अशी अठरा माणसं झाली. ओक रिजला एक, रोचेस्टरला अकरा, शिकागोत तीन, कॅलिफोर्नियात तीन. शेवटचा एल्मर ॲलन हा रेल्वेतला हमाल. १८ जुलै १९४७ रोजी त्याच्या डाव्या पायात प्लुटोनियम टोचलं आणि तीन दिवसांनी पाय कापला. कॅन्सरच्या संशयानं तो कापायचाच होता, तर आधी हेही उरकून घ्यावं असा हिशेब.

यांच्यापैकी बहुतेकांच्या लघवीवरून लँगमनं पुढे सूत्र मांडलं. दिसायला अगदी गरीब सूत्र आहे. टोचल्यापासूनच्या दिवसांची संख्या घ्या, तिचा उणे ०.७४ वा घात काढा, त्याला ०.२ नं गुणा. त्या दिवशी लघवीतून शेकडा किती बाहेर पडेल ते मिळतं. पहिल्या दिवशी शंभरातला ०.२ हिस्सा, महिन्यानं ०.०१६, हजार दिवसांनी ०.००१२. शरीर प्लुटोनियमला सोडतं ते कंजूष सावकार व्याज सोडतो तसं, दर वेळी आधीपेक्षा कमी, पण पूर्ण बंद कधीच नाही. मॅस्टिकच्या लघवीत तीस वर्षांनंतरही ते सापडत होतं.

जगभरच्या प्लुटोनियम कामगारांच्या लघवीतले आकडे पुढची कित्येक दशकं या सूत्रावर घासून पाहिले गेले. पुढे अमेरिकेत १९६८ पासून एक नोंदणीकेंद्र चालू झालं. तिथे कामगार स्वखुशीनं मृत्यूनंतर देहदान करतात. लघवीवरून काढलेला अंदाज आणि देहात प्रत्यक्ष सापडलेला साठा ताडून पाहता आला, तेव्हा कळलं की बऱ्याच वर्षांनंतरच्या लघवीवरून लँगमचं सूत्र साठा जास्तच दाखवतं. त्यात दुरुस्त्या झाल्या. आजची मॉडेलं रक्त, यकृत, हाडांचा पृष्ठभाग, मूत्रपिंड असे कप्पे पाडून हिशेब करतात आणि कॉम्प्युटरवर चालतात. पण त्यांच्याही पायात त्या अठरांचे आकडे आहेत. दुसरे आकडे मिळवायचे कुठून?

अठरा माणसांना टोचल्याची ही बाब लोकांपुढे नावानिशी आली ती १९९३च्या नोव्हेंबरात. आयलीन वेलसम ही 'अल्बुकर्की ट्रिब्यून' या छोट्या वर्तमानपत्रातली बातमीदार. तिनं एका जुन्या अहवालातली तळटीप वाचली आणि सहा वर्षं ती धरून ठेवली. सरकारी कागदांत माणसांची नावं नव्हती, नुसते संकेत होते. एका कागदात मात्र टेक्ससमधल्या इटली नावाच्या गावाचा उल्लेख राहून गेला होता. ती त्या गावात पोचली. एल्मर ॲलन १९९१ मध्येच गेला होता, पण त्याची बायको भेटली. वेलसमला १९९४चं पुलित्झर मिळालं. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी चौकशी समिती नेमली, ३ ऑक्टोबर १९९५ रोजी जाहीर माफी मागितली आणि पुढच्या वर्षी कुटुंबांना ४८ लाख डॉलरची भरपाई ठरली.

त्या आकड्यांमुळे हजारो कामगारांचं संरक्षण झालं, असं लँगमच्या बाजूनं सांगतात. ते खोटं नाही. पण तोच लँगम आपल्या कामगारांसाठी पांढरे हातमोजे धुऊन ठेवत होता. नमुना कसा द्यायचा हे त्यांना सांगत होता. म्हणजे विचारायचं कसं, सांगायचं कसं, हे त्याला येत नव्हतं असं म्हणायला जागा नाही.

*

लघवीनं पुढे पोलिसांचीही कामं केली.

१ नोव्हेंबर २००६ रोजी लंडनच्या मिलेनियम हॉटेलात रशियाचे माजी गुप्तहेर अलेक्झांडर लिट्विनेन्को यांनी हिरव्या चहाचे काही घोट घेतले. केस गळाले, रक्तातल्या पांढऱ्या पेशी नाहीशा झाल्या. डॉक्टरांना आधी थॅलियमचा संशय आला. गायगर काउंटर अंगावरून फिरवला तर तो गप्प. गप्पच असणार, कारण पोलोनियम-२१० जवळजवळ नुसते अल्फा कण सोडतं आणि कातडीच त्यांना अडवते. शेवटी लघवी ऑल्डरमास्टनच्या अण्वस्त्र संशोधन केंद्रात गेली. तिथल्या गॅमा आलेखावर ८०३ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टला एक बारीकसा टोचा दिसला, दुर्लक्ष करावं इतका. पोलोनियमचे लाखभर अणू फुटतात तेव्हा एखादा हा किरण सोडतो. जुन्या अणुबाँबमध्ये पोलोनियम वापरलं जाई. त्या काळी काम केलेल्या एका शास्त्रज्ञाला तो टोचा ओळखीचा वाटला. खात्री झाली २३ नोव्हेंबरला, आणि त्याच रात्री लिट्विनेन्को गेले. पुढच्या काही आठवड्यांत त्या हॉटेलांत, बारमध्ये बसलेल्या सातशेहून जास्त लोकांच्या लघव्या तपासल्या गेल्या. त्यांतल्या शंभरावर लोकांच्या अंगात थोडं थोडं पोलोनियम निघालं.

१९९१च्या आखाती युद्धात आपल्याच रणगाड्यांचे गोळे लागलेल्या अमेरिकी सैनिकांची गोष्टही अशीच. अंगात रुतलेल्या तुकड्यांतलं युरेनियम वीस-वीस वर्षांनंतरही त्यांच्या लघवीत उतरत राहिलं. युरेनियम तसं तुमच्याआमच्या सगळ्यांच्याच लघवीत असतं, पाण्यातून आणि धान्यातून आलेलं. ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी भारतीयांचे आकडे मुद्दाम वेगळे काढले आहेत, कारण आपला आहार आणि आपली शरीरयष्टी पाश्चात्त्यांसारखी नाही. लिटरला दहा-बारा नॅनोग्रॅमच्या आसपास ते येतात. तेव्हा सैनिकाच्या लघवीतलं युरेनियम विहिरीचं की गोळ्याचं? ते ठरतं युरेनियम-२३५च्या प्रमाणावरून. निसर्गात ते शेकडा ०.७२ असतं, गोळ्याच्या निःसत्त्व युरेनियममध्ये ०.२ च्या आसपास. इथे फुटणारे अणू मोजत बसायचं नाही, वस्तुमान-वर्णपटमापकात अणूच थेट तोलायचे. काम काही मिनिटांचं.

आणि घराजवळचं उदाहरण हवं असेल तर गोव्याची हद्द ओलांडली की कारवार, तिथून जवळच कैगा. २४ नोव्हेंबर २००९ रोजी तिथल्या अणुवीज केंद्रातल्या कामगारांच्या नेहमीच्या लघवी-तपासणीत ट्रिशियम जास्त निघालं. एक-दोघांच्या नव्हे, पन्नासच्या वर लोकांच्या. ट्रिशियम धातू नाही, हायड्रोजनचाच भाऊ, आणि ते मोजायला ॲसिड-नळ्यांचा खटाटोपही लागत नाही. सगळ्यांत समान काय, हे शोधत गेले तेव्हा धागा पोचला पिण्याच्या पाण्याच्या कूलरपाशी. कुणीतरी त्यात ट्रिशियमचं जड पाणी ओतलं होतं. कूलरवर कसलाही गजर नव्हता. गजर वाजला तो बाटल्यांत. सुदैवानं ट्रिशियम दहा दिवसांत निम्मं बाहेर पडतं. पाणी भरपूर प्यायचं आणि वाट पाहायची. प्लुटोनियमच्या बाबतीत हाडातलं निम्मं जायला पन्नास वर्षं धरतात.

*

यंदा गणपतीत मामाकडे गेले होते. आता तो चौऱ्याऐंशीचा आहे. हे सगळं लिहायला घेतलंय म्हटल्यावर त्यानं कपाटातली फाइल काढून दिली. पिवळ्या पडलेल्या चिठ्ठ्या, तारखेवार लावलेल्या. बीडीएल, बीडीएल, बीडीएल. मधेच एक वेगळी होती. तीवर आकडा होता आणि खाली सूचना: पुन्हा नमुना द्यावा. तिच्या मागची परत बीडीएल.

"हे काय मामा?"

त्यानं चष्मा वर सरकवला. "हां, ते. त्या संक्रांतीला तुझी आजी आली होती गावाहून. तिच्यासमोर कॅन कुठे घेऊन बसू? म्हणून कामावरच भरला, कपडे बदलायच्या खोलीत. हाताचं काहीतरी पडलं असणार त्यात. दुसरा घरी भरला, त्यात काही नव्हतं."

मामी समोर मेथी निवडत बसली होती. तिचे हात थांबले.

"म्हणजे मधले दिवस तुम्हाला माहीत नव्हतं, अंगात आहे की हातावरचं आहे ते."

"नव्हतं."

"आणि मला तर काहीच माहीत नव्हतं."

मामा काही बोलला नाही. मामीनं पदराला हात पुसले, माझ्याकडून दोन्ही चिठ्ठ्या घेतल्या, खिडकीच्या उजेडात धरून तारखा वाचल्या आणि बोटांच्या पेरांवर दिवस मोजायला लागली. तेवीस निघाले.